किरकोळ सुधारणा

मुफीदा : ही वही नाही चालणार, सर.

तिजानी : का? तारीख आहे की. प्रत्येक पानावर आहे. हे बघ, नऊ जून दोन हजार एकवीस. जमिनीत पुरलेलं पाझरतं मडकं, त्यात तरंगणारं बूच, पाटाच्या दाराची मोटर, सगळं काढलंय. अक्षर जरा वाईट आहे, ते मान्य.

मुफीदा : अक्षर सुंदर आहे. पण ही वही कुणी पाहिली?

तिजानी : कुणी म्हणजे?

मुफीदा : तुमच्याशिवाय. एक तरी माणूस.

तिजानी : तू. आत्ता.

मुफीदा : चार वर्षं उशिरा! सर, वकीलबाईंनी मला फोनवर तीनदा बजावलंय. कल्पना आधी आमच्या डोक्यात होती, असं म्हणून कंपनीचं पेटंट रद्द होत नाही. ती आधी चारचौघांत होती हे दाखवावं लागतं. कपाटातली वही म्हणजे डोक्यातच ठेवल्यासारखं.

तिजानी : आणि आपण इंटरनेटवर टाकलं ते? कोड, नकाशे, मडकं कसं भाजायचं तेसुद्धा लिहिलं होतं मी.

मुफीदा : ते फेब्रुवारी बावीसला. कंपनीचा अर्ज ऑक्टोबर एकवीसचा. चार तारखेचा. आपण चार महिन्यांनी हरलो. मी जुलैतच टाकूया म्हणत होते, आठवतंय?

तिजानी : आठवतंय.

मुफीदा : तुम्ही म्हणालात, "अजून कच्चं आहे, एक महिना दे." त्या एका महिन्याचे सात झाले.

तिजानी : चहा घे. तुला आवडतात तसे शेंगदाणे घातलेत.

मुफीदा : मला चहा नको, मला चार ऑक्टोबरच्या आधीचा एक कागद हवाय. ट्यूनिसहून रात्रभर लुआज टॅक्सीत आठ जणांत चेंगरून आलेय मी. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडा होता. हरकत नोंदवायची मुदत उद्या दुपारी बाराला संपते. त्यानंतर वकीलबाई फुकट काय, पैसे घेऊनही काही करू शकणार नाहीत.

तिजानी : आणि समजा... म्हणजे मी फक्त विचारतो... समजा नाही सापडला?

मुफीदा : मग मडक्यानं पाण्याची पाळी पुढे सरकवायची कल्पना त्यांची. त्यांचं पेटंट इथेही लागू आहे. दोनशे बारा बागांतली मडकी उपसायची, नाहीतर त्यांच्या यंत्राचा डबा ते म्हणतील त्या किमतीला घ्यायचा. त्यांनी पलीकडच्या गावाला पत्र पाठवलंय. इथेही येईल.

तिजानी : उन्हाळा तोंडावर आलाय.

मुफीदा : म्हणूनच आत्ता पाठवतायत. तहानलेला माणूस सही लवकर करतो.

हम्मादी : दार उघडं टाकून बसलाय मास्तर, मांजर शिरेल. अरे, ही कोण? मुफीदा? पोरी, केवढी वाळलीस! राजधानीत जेवायला देत नाहीत का?

मुफीदा : सलाम, हम्मादीकाका. बसा. तुमच्या हातात काय आहे?

हम्मादी : तेच दाखवायला आलो. पत्र आलंय. फ्रेंचमध्ये वर आणि अरबीत खाली, दोन्हींत धमकीच. एकतीस तारखेच्या आत मडकी काढा म्हणतात. एकतीस! माझ्या पाळीच्या वहीत त्या दिवशी नऊ बागांना पाणी आहे. मी पाटकरी आहे की कुंभार, मडकी काढत फिरायला?

तिजानी : म्हणजे आलंच पत्र.

हम्मादी : मास्तर, तुम्ही असे बसलात, जसं काही पत्र तुम्हीच लिहिलंय. बोला की काहीतरी.

मुफीदा : काका, मी तुम्हाला विचारते. एकवीसचा उन्हाळा आठवा. सरांनी पहिली तीन मडकी पुरली तेव्हा. तेव्हाचं काही लिहिलेलं आहे का कुणाकडे? फोटो, चिठ्ठी, पावती, काहीही.

तिजानी : कुठून असणार? तीन मडकी फक्त. चाचणी होती. कुणाला फारसं माहीतही नव्हतं.

हम्मादी : माहीत नव्हतं कसं? सगळ्या गावाला माहीत होतं. शुक्रवारचा कागद होता की.

मुफीदा : शुक्रवारचा कसला कागद?

हम्मादी : घ्या! शिकून काय केलंस? पाण्याच्या पाळीत काडीचा बदल करायचा तर तीन शुक्रवार झऱ्यावर मोठ्यानं वाचतात, आणि कागद पाणीघराच्या दाराला लावतात. माझ्या आजोबाच्या आजोबापासून. कुणी उद्या म्हणायला नको, मला सांगितलं नाही. आता झरा आटला, पाणी बोअरचं आहे, पण वाचायचं तिथेच. कोरड्या दगडांवर उभं राहून.

मुफीदा : आणि मडक्यांसाठी वाचलं होतं?

हम्मादी : वाचलं म्हणजे? मीच वाचलं. मास्तर लाजतात ना. ते तिकडे खजुरीच्या बुंध्यामागे उभे, नवरीसारखे. मी म्हटलं होतं त्यांना, नुसतं "नवं यंत्र" असं लिहिलंत तर मी वाचणार नाही. मडक्यात काय असतं, दार कशानं लागतं, पाळी पुढच्याकडे केव्हा जाते, सगळं लिहा. पाण्याच्या बाबतीत झाकून ठेवलेलं चालत नाही आपल्यात.

मुफीदा : कोणत्या महिन्यात?

हम्मादी : जून संपता संपता. तिन्ही शुक्रवार धरले तर जुलैच्या मध्यापर्यंत. वहीत आहे, हजर माणसांच्या सह्या आहेत, अंगठे आहेत. कागद खाली उतरवला की घडी करून वहीतच ठेवतो मी. आणि या कंपनीचा तो अर्ध्या चड्डीतला पाहुणाही आला होता की! मला कागदाशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी म्हटलं, जरा थांब, टोपी नीट करतो.

मुफीदा : सर! ऐकलंत का? सर, हेच पाहिजे होतं! तोंडी वाचलेलं चालतं, भिंतीला लावलेलं चालतं, फक्त कुणालाही ऐकता-वाचता आलं पाहिजे. तीन शुक्रवार, सह्यांसकट! काका, मी तुमच्या पाया पडते.

हम्मादी : पाया नको पडूस, लग्न कर. वही पाणीघरात आहे, पत्र्याच्या पेटीत. आणू?

तिजानी : हम्मादी, त्या पेटीला वाळवी लागली होती ना? तूच म्हणाला होतास. कागद कदाचित...

हम्मादी : वाळवी दाराला लागली होती, पेटीला नाही. आलोच. चहा ठेवा माझ्यासाठी.

मुफीदा : सर, माझ्याकडे बघा.

तिजानी : साखर संपलीय बहुतेक.

मुफीदा : समोर आहे साखर. तुम्हाला हा कागद आठवत होता.

तिजानी : मुफीदा...

मुफीदा : तुम्ही लिहिलेला कागद. तीन शुक्रवार झाडामागे उभं राहून ऐकलेला. गेले दोन महिने मी रोज विचारतेय, आणि तुम्ही मला वह्या दाखवताय. का?

तिजानी : तो येईल इतक्यात.

मुफीदा : पाणीघर काही चंद्रावर नाही, पण दहा मिनिटं आहेत. बोला.

तिजानी : दहा मिनिटं. हो. त्या कागदात तेच आहे. "मडक्यातलं पाणी दहा मिनिटं उतरलं नाही, तर जमीन तृप्त झाली असं समजावं, दार बंद करावं आणि पाळी पुढच्या बागेला द्यावी."

मुफीदा : मला पाठ आहे. कंपनीच्या पेटंटमधलं पहिलंच कलम आहे ते. दहा मिनिटांसकट. आपण नंतर टाकलेल्या कोडमध्ये तसं नाही, आपल्यात दोन बुचं आहेत. म्हणून तर तो कागद सोन्याचा आहे. शब्द न् शब्द जुळतो.

तिजानी : दुसरं बूच का घातलं, ते तू कधी विचारलं नाहीस.

मुफीदा : तुम्ही बदलाची नोंद करताना कारण लिहिलं होतं. "किरकोळ सुधारणा."

तिजानी : तसं लिहिलं होतं मी.

मुफीदा : मला तेव्हाच राग आला होता. आपल्यात प्रत्येक बदलाचं कारण नीट लिहायचं असतं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. तुम्ही वर्गात आम्हाला प्रयोगाच्या वहीत चुकलेलं खोडू देत नव्हता. एक रेघ मारा, वाचता आलं पाहिजे. आणि स्वतः दोन शब्दांत उरकलंत.

तिजानी : रिकाम्या मडक्यातलंही पाणी उतरत नाही.

मुफीदा : काय?

तिजानी : मडकं रिकामं असेल, तर त्यातलं पाणी उतरणार कसं? बूच तळाशी बसतं आणि हलत नाही. दहा मिनिटं हलत नाही. यंत्राला वाटतं, जमीन तृप्त आहे. दहावीतल्या मुलालाही सुचेल एवढी साधी गोष्ट. मला सुचली नाही. दुसरं बूच नंतर त्यासाठीच घातलं.

मुफीदा : थांबा. म्हणजे एकवीसच्या जुलैत...

तिजानी : हम्मादीच्या भावाच्या, मुन्सिफच्या बागेतलं मडकं तडकलं होतं. त्याची पाळी आली तेव्हा ते कोरडं होतं. दार उघडलं, दहा मिनिटांत बंद झालं, पाणी पुढे गेलं. पाळी अकरा दिवसांनी येते. म्हणजे बावीस दिवस पाणी नाही, जुलैत. खजुरीची चौदा पिलं, बुंध्याशी फुटलेली रोपं, वाळली त्याची. चांगल्या देग्लेत जातीची पिलं, स्वतःच्या हातानं लावलेली.

मुफीदा : पण ते तर हम्मादीकाका... सगळे म्हणतात, हम्मादी झोपला आणि भावाची पाळी चुकवली.

तिजानी : हो. सगळे तसं म्हणतात.

मुफीदा : दोघं भाऊ बोलत नाहीत चार वर्षं! माझी आई सांगत होती, ईदलासुद्धा एक दारातून बाहेर पडतो तेव्हा दुसरा शिरतो.

तिजानी : एकतीस वर्षांत त्याची एक पाळी चुकली नव्हती. एकही नाही. मी सकाळी मडकं उकरलं, तडा पाहिला, नवीन पुरलं. वाटलं, शुक्रवारी सांगू. शुक्रवारी लोक जमले, तर मी पुन्हा झाडामागेच. पुढच्या शुक्रवारीही. यंत्राबद्दल कुणाला शंकाच आली नाही. मग लोकांनी ठरवूनच टाकलं, आणि हम्मादी काही बोलला नाही. त्यालाच वाटायला लागलं असेल की खरंच डोळा लागला.

मुफीदा : म्हणून सात महिने.

तिजानी : चुकीचा नियम जगासमोर कसा टाकायचा? आणि दुरुस्त केला, तर का केला ते लिहायला लागणार. दर आठवड्याला बसत होतो लिहायला. शेवटी ते दोन शब्द सुचले.

मुफीदा : आणि तेवढ्यात कंपनीनं तुमची चूक उचलून पेटंट घेतलं.

तिजानी : चुकीचंही पेटंट मिळतं, हे मला माहीत नव्हतं.

मुफीदा : ती ओळ मी लिहिली होती, सर. कोडमधली. दहा मिनिटांची. मलाही दिसलं नाही.

तिजानी : तू मी सांगितलं तेवढं लिहिलंस. स्वतःला यात ओढू नकोस. माझं काय, मी म्हातारा... नाही, तेही खरं नाही. म्हातारा आहे म्हणून काही सुटत नाही.

मुफीदा : ऐका. आपण नुसता कागद पाठवू. तुमच्या चुकीचं एक अक्षर लिहायचं नाही. हम्मादीकाकांना कळायचं कारण नाही.

तिजानी : चालेल तसं?

मुफीदा : बघू, सर. चालवून घेऊ.

तिजानी : खरं सांग.

मुफीदा : वकीलबाईंनी सांगितलंय, कंपनी म्हणेल की भिंतीवरचा कागद म्हणजे गप्पा, प्रत्यक्ष काही चाललंच नव्हतं. यंत्र याच नियमावर चाललं होतं, याचं सहीचं निवेदन लागेल. नियम लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं. काय चाललं, कधी, कुठल्या बागेत, काय झालं.

तिजानी : तीन मडक्यांपैकी दोन नीट चालली. ती काय सिद्ध करणार? नुसत्या पाटकऱ्यानं दार लावलं तरी तेच झालं असतं. याच नियमावर चाललं, हे फक्त तिसऱ्यानं सिद्ध होतं.

मुफीदा : चौदा पिलांनी.

तिजानी : हो.

मुफीदा : मी तुम्हाला लिहा म्हणणार नाही. माझ्या तोंडातून ते नाही निघणार. पण दोनशे बारा बागा आहेत, आणि उद्या बारा वाजता...

हम्मादी : ही घ्या वही! धूळ बघा, आमच्या लग्नाच्या गालिच्यावर नव्हती एवढी. पान सापडलं. पंचवीस जून, दोन जुलै, नऊ जुलै. अडतीस सह्या, सतरा अंगठे. आणि हा कागद. टाचणी गंजलीय, पण अक्षर स्पष्ट. पोरी, काढ फोटो. या वेळी टोपी नीट आहे माझी.

मुफीदा : काका, जरा बसा.

हम्मादी : बसतो की. चहा कुठाय? तुमचे चेहरे असे का? कुणी गेलं का?

तिजानी : हम्मादी, तो कागद तू वाचला होतास.

हम्मादी : तीनदा.

तिजानी : आणखी एकदा वाच. मनात. तिसरी ओळ.

हम्मादी : "दहा मिनिटं उतरलं नाही, तर जमीन तृप्त झाली असं समजावं..." बरं. मग?

तिजानी : मडकं रिकामं असेल तर?

हम्मादी : रिकामं असेल तर काय उतरणार, कपाळ? बूच तळाला...

(हम्मादी कागद डोळ्यांजवळ नेतो. शेगडीवर चहा उतू जातो. कुणी उठत नाही.)

तिजानी : मुन्सिफच्या मडक्याला तडा होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला.

हम्मादी : दुसऱ्या दिवशी.

तिजानी : सकाळी.

हम्मादी : मी त्या रात्री उत्तरेच्या दारापाशी होतो. खांद्यावर फावडं होतं. मी बायकोला सांगितलं, मी झोपलो नव्हतो. ती म्हणाली, माणसाला स्वतःचा डोळा लागलेला कळत नाही. मग मलाही वाटलं, तसंच असेल. साठी उलटली होती. तेव्हापासून रात्री पाळीला जाताना खिशात मिरच्या ठेवतो मी, मास्तर. चावायला. झोप येऊ नये म्हणून.

मुफीदा : काका...

हम्मादी : तू गप, पोरी. मास्तर, दर शुक्रवारी तुम्ही मला सलाम करत होता.

तिजानी : हो.

हम्मादी : माझ्याकडे चहा प्यायलात. माझ्या मुलीच्या लग्नात बसलात. मुन्सिफ आला नाही, तेव्हा "येईल, येईल" म्हणालात.

तिजानी : म्हणालो.

हम्मादी : यंत्र तुमचं आणि झोप माझी! वा रे हिशेब.

तिजानी : तू कागद परत ने, हम्मादी. तुझा आहे. तुला द्यायचा नसेल, तर कुणी काही म्हणू शकत नाही.

मुफीदा : सर!

तिजानी : नाही, त्याला ठरवू दे. मी निवेदन लिहितो. मडकं, तडा, मुन्सिफची बाग, सगळं. ते मी कंपनीच्या विरोधात लिहीत नाही, तसंही लिहायला हवंच होतं. पण कागद आणि वही त्याची आहे, आणि वाचणारा म्हणून सही त्याची लागेल.

हम्मादी : म्हणजे माझ्या सहीवर दोनशे बारा मडकी राहतात.

मुफीदा : हो, काका. उद्या बारापर्यंत.

हम्मादी : आणि नाही केली, तर त्या अर्ध्या चड्डीवाल्याची.

मुफीदा : हो.

हम्मादी : त्यांच्या डब्यात एकच बूच आहे ना? मास्तरांच्या जुन्यासारखं?

मुफीदा : पेटंटमध्ये तरी एकच आहे.

हम्मादी : मग त्यांच्या डब्यापायी माणसं आणखी किती पाटकऱ्यांना झोपलेलं ठरवतील! आण पेन. सही करतो. पण मास्तर, आधी तुम्ही लिहा. मी बघतो.

तिजानी : लिहितो. फ्रेंचमध्ये लिहू का, वकीलबाईंना...

हम्मादी : अरबीत. त्यांना ही पोरगी सांगेल. मला कळलं पाहिजे.

मुफीदा : मी शेजारी बसते, सर. कोडमधली नोंदही आजच बदलते. खोडत नाही, खाली नवी जोडते. कारण काय लिहू?

तिजानी : "रिकामं मडकं आणि तृप्त जमीन यांतला फरक मूळ नियमाला कळत नव्हता. त्यामुळे एका बागेची पाळी चुकली." नाव माझं घाल.

मुफीदा : आणि माझं. ओळ माझी होती.

हम्मादी : झालं लिहून? द्या इकडे. हं. हं. "चौदा पिलं." बरोबर. हे काय लिहिलंय, "दुर्दैवानं"? दैवाचा काय संबंध? ते काढा.

तिजानी : एक रेघ मारतो. वाचता येईल अशी.

हम्मादी : मारा. ही माझी सही. पोरी, फोटो काढ आणि पाठव तुझ्या वकीलबाईला. आता दुसरी प्रत करा, मास्तर.

तिजानी : दुसरी कशाला?

हम्मादी : पाणीघराच्या दाराला. पाळीची गोष्ट आहे, तीन शुक्रवार वाचायला लागणार. उद्या पहिला.

तिजानी : तू... तू वाचशील?

हम्मादी : मी? मी या वेळी खजुरीमागे उभा राहणार. बघू तर खरं, तिथून कसं ऐकू येतं.

मुफीदा : सर, मी बरोबर येते. हवं तर मी वाचते.

तिजानी : नको. मीच वाचतो. आवाज फुटेल की नाही, ते मात्र...

हम्मादी : मग आत्ताच म्हणून बघा. पहिलं वाक्य.

तिजानी : "जुलै दोन हजार एकवीसमध्ये मुन्सिफच्या बागेची पाळी चुकली, ती पाटकऱ्याकडून नाही. माझ्याकडून."

हम्मादी : जरा मोठ्यानं. माझा भाऊ मागे उभा राहतो, आणि त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.